हौद्याखाली जागा किती उरली?

लेखमाला : जुनी गाडी, नवी घडण । लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण १९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्हर्ले सी-१० पिकअपचं पुढचं टोक खाली आणलं. आज मागे जायचं. पुढून चार इंच आणि मागून सहा इंच, हे अमेरिकेतल्या सी-१०च्या चाहत्यांचं आवडतं माप आहे. हौद्यात माल पडला की गाडी मागे बसणार, हे धरून कारखान्याने तिचं मागचं टोक उंच ठेवलेलं असतं. म्हणून रिकामी गाडी सपाट दिसायला हवी असेल, तर मागून जास्त उतरवावं लागतं. पण मागचे हे सहा इंच पुढच्या चार इंचांपेक्षा कितीतरी जास्त काम मागतात.

पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र आहे. तिथे स्पिंडल बदलला की चाक वर सरकतं आणि आर्मचे कोन होते तसेच राहतात. मागे मात्र दोन्ही चाकं एका आडव्या एक्सलवर आहेत. गाडी सहा इंच खाली आली याचा अर्थ अख्खा एक्सल, मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यासकट, चॅसिस आणि हौद्याच्या दिशेने सहा इंच वर गेला. खड्ड्यातून जाताना उसळायला त्याच्याकडे जी जागा होती, ती आपण काढून घेतली. मागच्या बाजूचं सगळं काम म्हणजे ही जागा त्याला परत मिळवून देणं.

मूळ मांडणी

या पिढीतल्या बहुतेक सी-१०ना मागे पाटे नाहीत. केबिनखालच्या आडव्या मेंबरपासून दोन लांब आर्म निघतात, मागे जाताना एकमेकांपासून दूर होतात आणि यू-बोल्टनी एक्सलला घट्ट आवळलेले असतात. वजन पेलायला कॉइल स्प्रिंगा आहेत. एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा आहे, त्याला पॅनहार्ड बार म्हणतात. ही रचना इतकी भरवशाची ठरली की नॅस्कारच्या मुख्य मालिकेतल्या शर्यतीच्या गाड्यांनी ती अनेक दशकं वापरली. २०२२ साली नव्या घडणीची गाडी आली, तेव्हाच ती तिथून गेली.

या आर्मची एक खुबी जपायलाच हवी. प्रत्येक आर्म दोन पन्हळी पट्ट्या पाठीला पाठ लावून केलेला असतो. तो वाकायला कठीण, पण पिळायला सोपा. गाडी वळणावर कलली की एक चाक वर आणि एक खाली जातं, तेव्हा दोन्ही आर्मना थोडा पीळ बसतो आणि तो बसलाच पाहिजे. मजबुतीच्या नावाखाली बाजूंना पत्रा वेल्ड करून आर्मचा बंद डबा करणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की पीळ थांबतो, एक्सल अडकल्यासारखा वागतो आणि तो सगळा ताण पुढच्या बुशवर आणि मेंबरवर जातो. आर्म उघडेच राहू द्या.

एक्सल बाजूला का सरकतो?

पॅनहार्ड बारचं एक टोक चॅसिसला, दुसरं एक्सलला. त्यामुळे एक्सल सरळ वर जात नाही, कमानीत जातो. समजा, बार २४ इंचांचा आहे आणि मूळ उंचीला तो आडवा आहे. चाक दोन इंच उसळलं तर एक्सल जेमतेम २ मिलिमीटर बाजूला जाईल. आता गाडी पाच इंच उतरवली. बार तिरका झाला आणि एक्सल नुसता उभ्यानेच १३ मिलिमीटर एका बाजूला गेला. एक चाक फेंडरला टेकू लागतं, दुसऱ्या बाजूला फट दिसते. बहुतेक जण इथे लांबी कमी-जास्त करता येणारा बार लावतात, एक्सल मधोमध आणतात आणि काम संपलं असं मानतात.

खरी अडचण पुढेच आहे. बार अजून तिरकाच आहे. आता चाक आणखी दोन इंच उसळलं की एक्सल पुन्हा १३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे मूळच्या सहापटीहून जास्त. प्रत्येक उंचवट्यावर गाडीचं मागचं टोक बाजूला ढकललं जातं आणि चालकाला स्टिअरिंग सावरत बसावं लागतं. उपाय हा की बारच्या टोकाची जागाच बदलायची, म्हणजे नव्या उंचीला बार पुन्हा आडवा होईल, आणि जागा असेल तितका तो लांब घ्यायचा. ज्यांना एवढंसुद्धा सरकणं नको, ते वॉट लिंकेज बसवतात. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉटने १७८४ साली पेटंट घेतलेली ही जोडणी एक्सलला जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली नेते.

पिनियनचा कोन

एक्सल आर्मला आवळलेला असल्यामुळे आर्म जितका फिरतो तितकाच एक्सलही फिरतो. आर्म ५० इंचांचा धरला आणि त्याचं मागचं टोक पाच इंच वर गेलं, तर कोन जवळजवळ सहा अंशांनी बदलतो आणि पिनियनचं नाक तेवढंच खाली झुकतं. गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंत येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो. कोनात फिरणारा क्रॉस दर फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चढ-उतार दुसरा भरून काढतो. कोन बिघडले की ती तशीच पुढे जाते, गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते आणि क्रॉस लवकर जातात. म्हणून आर्म आणि एक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून पिनियन परत वर उचलावा लागतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट जितके अंश खाली झुकला असेल, पिनियन तितकेच अंश वर हवा. हे माप गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असतानाच घ्यायचं. चाकं लोंबकळत ठेवून घेतलेल्या मापाचा काही उपयोग नाही.

१९७३च्या पुढच्या पिढीत शेव्हर्लेने मागे पाटे दिले. त्या गाड्यांमध्ये पाटे एक्सलच्या वर असतात. एक्सल उचलून पाट्यांच्या वर बसवला की गाडी पाच-सहा इंच उतरते. तिथेही पिनियनचा कोन आणि पुढे येणारा चॅसिसचा प्रश्न सारखाच आहे.

चॅसिस कापताना

इतकं उतरवल्यावर खड्ड्यात एक्सलची नळी चॅसिसच्या लांब दांड्यावर आदळते. म्हणून एक्सलच्या बरोबर वर दांड्याच्या खालच्या बाजूला अर्धगोल खाच घेतात. तिला सी-नॉच म्हणतात. दांड्याचा छेद पन्हळीसारखा असतो. भार आला की वरच्या आणि खालच्या आडव्या कडांपैकी एक ताणली जाते, दुसरी दाबली जाते. दांड्याची बरीचशी ताकद या दोन कडांतच असते. खाच घेताना आपण त्यातली एक कड तोडतो.

त्यामुळे खाचेच्या कमानीला धरून जाणारी नवी कड देणं हाच सी-नॉचचा गाभा आहे. तयार तुकडा बोल्टने बसवा किंवा वेल्ड करा, पण त्याची जाड पट्टी खाचेच्या दोन्ही बाजूंना अखंड दांड्यावर पुरेशी पुढे गेली पाहिजे आणि कोपरे गोल हवेत. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. आधी गाडी सपाट जमिनीवर मजबूत घोड्यांवर घ्या, चॅसिसला आधार द्या, एका वेळी एकच बाजू कापा. दांड्याच्या आतून जाणारी ब्रेकची नळी आधी सोडवा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढा. १९६७-७२च्या पिढीत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते, तीही रिकामी करून गाडीबाहेर काढा. अनेक जण याच वेळी टाकी कायमची हलवून हौद्याखाली, एक्सलच्या मागे, दोन दांड्यांच्या मध्ये बसवतात. केबिनमधून पेट्रोल बाहेर जाणं हा या सगळ्या कामातला सर्वांत शहाणा बदल आहे.

हौदा

आता हौद्याकडे वळू. इथे घाई फार होते. स्प्रिंगा काढा, जॅकने एक्सल जितका वर जाऊ शकतो तितका वर न्या आणि तिथे माप घ्या. डिफरन्शियलचा गोळा हौद्याच्या आडव्या पट्टीला लागतो का? सी-नॉचची कमान तळाच्या वर येते का? एक्सलवरून जाणारी सायलेन्सरची नळी कुठे अडते? उत्तरं मिळाली की तळ किती उचलायचा ते आपोआप ठरतं. खाच आटोपशीर असेल तर थोडकं उचलून भागतं. मग आडव्या पट्ट्या वर घेतात आणि त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या, अशी जुन्या पद्धतीचीच जमीन करतात. तळ वर गेला की फाळक्यापाशी पायरी पडते. तिथे पत्र्याची नवी कड लागते. रुंद टायर घालायचे असतील तर चाकांवरची आतली घरंही रुंद करावी लागतात. हौद्याची रुंदी कमी होते, हे मान्य करूनच ते करावं.

शॉक अब्सॉर्बर आखूड हवेत, त्यांच्या जागा बदलायला हव्यात आणि रबरी बंप स्टॉप पाहिजेतच. एक्सलला वर यायला निदान तीन इंच मोकळे राहिलेच पाहिजेत. तेवढे नसतील तर गाडी आणखी उतरवू नका. आणि अशा गाडीत अर्धा टन माल भरायचा नाही.

खाली किती, याला एक जुनी मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात १९५८ पासून वाहन कायद्याच्या कलम २४००८ने रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली गाडीचा कोणताही भाग जाऊ देण्यास मनाई केली होती. गाड्या खाली उतरवून फिरवणाऱ्या लो-रायडर संस्कृतीविरुद्ध पोलिसांनी हे कलम वापरलं आणि अखेर १ जानेवारी २०२४ पासून ते रद्द झालं. कलम गेलं, तरी कसोटी ठेवण्यासारखी आहे : टायर फुटून गाडी रिमवर आली, तरी चॅसिस रस्त्याला घासता कामा नये.

भारतातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच सांगितलं आहे. इथे चॅसिस कापून गाडी रस्त्यावर आणू नका.

क्रम एकच आहे : आधी एक्सलची वाट, मग चॅसिस, सर्वांत शेवटी हौदा. उलट्या क्रमाने काम करणाऱ्याला हौदा दोनदा कापावा लागतो. पुढच्या लेखांकात याच गाडीचे ब्रेक.