डोंगर, मूल आणि दोन आठवडे

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर काही तरुण श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला, आज तोच घेऊ. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोचा दौरा आहे. आधी ड्रॅकन्सबर्गच्या डोंगरांत पायपीट, मग दोन आठवडे एका बालगृहात मुलांची सेवा. जावे का? एकाच तिकिटात येतात म्हणून या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत, असे आपण धरून चालतो. तसे आहे का, ते बघू.

लेसोथो हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. त्याचा सगळ्यात सखल भागसुद्धा सुमारे १४०० मीटर उंचीवर, म्हणजे ढोबळमानाने आपले महाबळेश्वर जिथे आहे तिथे या देशाचा तळ! क्वाझुलू-नाताल प्रांतातून सानी घाट चढून वर गेलात की पुढे थबाना न्टलेन्याना हे शिखर लागते. ३४८२ मीटर, दक्षिण आफ्रिका खंडभागातले सर्वांत उंच. नावाचा अर्थ मात्र 'छोटासा सुंदर डोंगर'. चढ अंगावर येणारा नाही, पण गवताळ उतार सगळे सारखेच दिसतात आणि धुके उतरले की वाट सापडत नाही. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट, हिवाळ्यात बर्फ. म्हणून स्थानिक वाटाड्या हवाच.

आणि बघा, मूल तुम्हांला आधी इथेच भेटते. मेंढ्या राखणारी बासोथो मुले, खांद्यावर जाड लोकरी ब्लँकेट, पायांत गमबूट. त्यांतली कित्येक शाळेत जात नाहीत, महिनोन्‌महिने उंचावरच्या गोठ्यांवर राहतात. हे वाईटच आहे. पण त्या डोंगरावर वाट चुकलेले आपण असतो आणि जाणकार ते मूल असते. कोण कोणाला मदत करतो, हे तिथे पटकन सांगता येत नाही.

बालगृहात गेलो की हे उलटते. या भागात एड्सने फार आईबाप नेले. तरी 'अनाथ' म्हणून मोजलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, नाहीतर आजी-मावशी तरी असते. कारण एक पालक गेला तरी मूल त्या मोजणीत येते. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० साली याच प्रकारच्या पर्यटनावर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संस्थेतले लहान मूल नव्या माणसाला लगेच बिलगते, आपल्याला वाटते किती लळा लागला! मग तो माणूस जातो, दुसरा येतो, तोही जातो. दर वेळी मूल तुटते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांकडे लक्ष वेधले.

आता कांटकडे येऊ. १७८५ च्या ग्रंथात तो सांगतो, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. यातला 'केवळ' हा शब्द लोक गाळतात. वाटाड्या आपले साधन असतोच की! पण त्याने मजुरी ठरवलेली असते, आणि तो नाही म्हणू शकतो. तीन वर्षांचे मूल आपल्या भावनिक समाधानाच्या योजनेत सामील व्हायला हो म्हणत नाही, कारण ती योजना त्याला कळणेच शक्य नाही. आम्हांला सगळा फरक इथे दिसतो.

गांधीजींचे उदाहरण कोणी देईल. ते १८९३ मध्ये एका वर्षाच्या कामासाठी तिकडे गेले, राहिले एकवीस वर्षे. १९१० नंतर टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी मुलांना शिकवले. त्यांचे सगळेच प्रयोग आम्हांला पटत नाहीत, ते असो. पण ते त्या मुलांबरोबर राहत होते, पंधरवड्यात निघून जाणारे नव्हते.

तेव्हा डोंगराला खुशाल जा. वाटाड्याला नीट पैसे द्या, गावातच मुक्काम करा. बालगृहाचे दोन आठवडे मात्र गाळा. तो खर्च नातवंडे सांभाळणाऱ्या आजीपर्यंत पोचवणारे काम शोधा.

एका श्रोत्याची चिठ्ठी आहे: बालगृह नको, पण शाळेत शिकवले तर? तिथला शिक्षक वर्गात उभा असेल, काय शिकवायचे ते तो ठरवत असेल आणि तुम्ही निदान एक सत्र पूर्ण थांबणार असाल, तर जरूर. तुम्ही आलात म्हणून त्याला सुट्टी मिळणार असेल, तर नको.