बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन किती वेगाने उतरतं?

(तळेगाव दाभाडे येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शस्त्रक्रिया करावी की नाही, हा आजचा विषय नाही. ज्यांची झाली आहे किंवा ठरली आहे, आणि घरचे जे लोक रोज काट्याकडे डोळे लावून बसतात, त्यांच्यासाठी आज बोलणार आहे. शस्त्रक्रियेनंतर तपासणीला येणाऱ्यांची पहिली तक्रार दुखण्याची नसते. "डॉक्टर, आकडा हलत नाही हो," ही असते. गंमत म्हणजे आकडा बहुतेक वेळा ठीकच असतो. त्याच्याकडून मागितलेलं असतं भलतंच.

हे भलतं येतं कुठून? थोडं बातम्यांमधून. २०१७ साल आठवा. फेब्रुवारीत इजिप्तमधली एक महिला खास विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. वजन ५०० किलोच्या आसपास सांगितलं गेलं. ७ मार्चला शस्त्रक्रिया झाली आणि त्याआधीच शंभराहून जास्त किलो उतरल्याचं जाहीर झालं. पुढे दर थोड्या दिवसांनी नवा आकडा टीव्हीवर. नंतर वजनाच्या आकड्यावरूनच नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवलं, आणि सप्टेंबरमध्ये तिथेच तिचं निधन झालं. त्या बाईंची प्रकृती फार वेगळी होती. अंगात साठलेलं पाणी उतरवण्यावरच सुरुवातीच्या उपचारांचा भर होता. पण घराघरात एवढंच लक्षात राहिलं की दोन-तीन महिन्यांत शेकडो किलो जातात! त्या आकड्याशी आपल्या घरातल्या माणसाची तुलना करू नका.

दुसरं कारण आम्ही डॉक्टरच. आमची टक्केवारी. नीट ऐका, कारण निम्मे गैरसमज इथे होतात.

समजा एक ताई आहेत, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ११० किलो. बीएमआय साधारण ४६. डॉक्टर सांगतात, "स्लीव्हनंतर जास्तीच्या वजनापैकी ६० टक्के जाईल." घरचे ऐकतात, ६० टक्के जाणार. म्हणजे ११० मधले ६६ गेले, उरले ४४! लग्नात होती तशी होणार. पण डॉक्टर 'जास्तीच्या' वजनाबद्दल बोलत होते. या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६० किलो. जास्तीचं वजन ५०. त्याचे ६० टक्के म्हणजे ३० किलो. वर्षभराने ताई ८० किलोच्या आसपास. एकूण वजनाच्या हिशेबाने हे २७ टक्के झाले.

आता ८० किलोला बीएमआय ३३. तक्त्यात अजून 'लठ्ठ' असंच लिहिलेलं. सासूबाई म्हणणार, एवढे पैसे घालवून काय झालं? पण वैद्यकीय दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी आहे. स्लीव्हनंतर वर्षभरात मूळ वजनाचा साधारण पाव हिस्सा, बायपासनंतर त्याहून थोडा जास्त, ३० टक्क्यांच्या आसपास. एवढी अपेक्षा धरा. डॉक्टरांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: "हे टक्के कशाचे?"

आता वेग. ११० किलोच्या माणसाचे पहिल्या महिन्यात आठ-दहा किलो उतरतात. तीन महिन्यांपर्यंत एकूण जेवढं जायचं त्याच्या निम्मं किंवा थोडं जास्त. सहा महिन्यांनी वेग चांगलाच मंदावतो. बारा ते अठरा महिन्यांत वजन तळाला लागतं. म्हणजे हा घाटाचा उतार आहे. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत तीव्र, पुढे जवळजवळ सपाट. सपाटीला आल्यावर गाडी बिघडली असं आपण म्हणत नाही.

पहिल्या आठवड्यात चार किलो जातात आणि सगळे खूश. ते चार किलो चरबीचे असूच शकत नाहीत. हिशेब करून बघू. त्या दिवसांत पोटात जेमतेम पाच-सहाशे कॅलरी जातात, शरीर अठराशे-दोन हजार खर्च करतं. रोजची तूट तेराशेची धरा. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे एक किलो चरबी जायला सहा दिवस. मग बाकीचे तीन? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. तो अर्धा किलोच्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. साठा संपला की पाणीही जातं. थोडे स्नायू जातात. आतडं रिकामं असतं, तेही काट्यावर दिसतं.

मग येतो तिसरा आठवडा. खाणं थोडं वाढलेलं असतं, शरीर पाणी पुन्हा धरू लागतं. आत चरबी जातच असते, पण वरून पाणी भरतं आणि काटा आठ-दहा दिवस जागचा हलत नाही. हे इतक्या जणांचं होतं की डिस्चार्जच्या कागदावरच छापावं असं मला वाटतं. कारण याच आठवड्यात माणसं घाबरतात आणि नको ते करतात.

काय करतात? जेवण आणखी तोडतात. प्रोटीनची पावडर बंद, "त्याने वजन वाढतं" म्हणून. गोळ्या बंद. कुणाचा तरी काढा सुरू. त्यात उलट्या लागल्या तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. जीवनसत्त्व बी-१ चा शरीरातला साठा काही आठवड्यांत संपतो. ते संपलं की चालताना तोल जातो, दुहेरी दिसतं, विसरायला होतं, आणि उपचाराला उशीर झाला तर हे नुकसान कायमचं राहू शकतं. म्हणून उलट्या दोन दिवस टिकल्या तर काट्याचा विचार सोडा आणि आपल्या सर्जनला फोन करा. आणि बी-१ देण्याआधी ग्लुकोजची बाटली लावू नका, हे जवळच्या दवाखान्यातही सांगा.

वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, त्यासाठी बरेच डॉक्टर सहा महिने गोळी देतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेक परत येतात. मधुमेह असेल तर साखर वजनाच्या कितीतरी आधी, काही दिवसांतच उतरू लागते. जुन्या डोसचं इन्सुलिन तसंच घेत राहिलात तर साखर धोकादायक खाली जाईल. काटा अजून १०५ दाखवतोय आणि इन्सुलिन निम्म्यावर आलंय, यातलं मोठं यश कोणतं ते तुम्हीच ठरवा.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, तोच काटा, सकाळी, पोट रिकामं असताना. त्याशिवाय कमरेला टेप लावा. बांगडी सैल झाली का, मांडी घालून बसता येतं का, तळेगाव स्टेशनचा जिना न थांबता चढता येतो का, हे लिहून ठेवा. काटा थांबलेला असताना या गोष्टी पुढे सरकत असतात. जाऊबाईंच्या शेजारणीचं चार महिन्यांत चाळीस गेलं, हे मात्र लिहून ठेवू नका. तिचं वजन १५० होतं, तिची बायपास होती, वय २८ होतं. वय, मधुमेह, सुरुवातीचं वजन, शस्त्रक्रियेचा प्रकार, सगळ्याने वेग बदलतो.

आणि तळाला लागल्यानंतर? थोडं वजन परत येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या हजारो लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. बायपासवाल्यांचं पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन उतरलं होतं, दहा वर्षांनी ते २५ टक्के उतरलेलं राहिलं. शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या वजनात त्या काळात फारसा फरक पडला नाही. म्हणजे ८० वर आलेल्या ताई पाच वर्षांनी ८४ झाल्या तर ते अपयश नव्हे. मात्र वर्षभरात दहा किलो चढले तर भेटायला या. अशा वेळी खाण्यात बहुधा 'घसरणारे' पदार्थ सापडतात. लहान पोटात भाकरी-उसळ अडते, पण वेफर्स, आइसक्रीम, गोड चहा सहज घसरतो. आणि आपण लोणावळ्याच्या शेजारी राहतो. चिक्की तोंडात विरघळते, पोट भरल्याची सूचनाच मिळत नाही.

आता प्रश्न घेऊ.

एका आईने विचारलंय, मुलीचं वय २६, शस्त्रक्रिया झाल्यावर लगेच स्थळं बघायची का? स्थळं खुशाल बघा, पण लग्नाची तारीख काट्याला बांधू नका. आणि लग्न झालंच तर बाळाचा विचार निदान बारा ते अठरा महिने पुढे ढकला. वजन उतरू लागलं की पाळी नियमित होते आणि आधी न राहणारा गर्भ अचानक राहतो. शरीर स्वतःच तुटीत असताना बाळाला द्यायचं कुठून? त्यामुळे गर्भनिरोधक कोणतं वापरायचं हे शस्त्रक्रियेआधीच ठरवा. बायपास असेल तर नुसत्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर विसंबू नका. हे बोलणं जावयांसमोरही झालं पाहिजे.

शेवटचा प्रश्न एका काकांचा. एकादशी करतो, चालेल का? काका, पहिलं वर्ष नको. आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय जवळजवळ काही नाही. तुम्हाला दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत. अगदीच राहवत नसेल तर दही, ताक, दूध, थोडं पनीर यावर दिवस काढा, पाणी घोट घोट प्या, आणि त्या दिवशीची गोळी चुकवू नका.