विमान उडवायचंय? आधी डॉक्टरांची पायरी चढा

आजचा विषय हौशी पायलटांचा. म्हणजे एअरलाइनची नोकरी नाही. सुट्टीच्या दिवशी छोटं विमान काढायचं, तासभर फिरून परत यायचं. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या काही मुलामुलींना हा नाद लागतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मला चष्मा आहे, चालेल का?" चष्मा चालतो हो! अडतं ते भलतीकडेच. कुठे, ते बघू.

रस्ता पहिला: थर्ड क्लास मेडिकल

तिथलं विमान खातं म्हणजे एफएए. त्यांच्या मेडएक्सप्रेस साइटवर फॉर्म भरायचा आणि एफएएने नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं. प्रत्येक डोळ्याची नजर, चष्म्यासकट का होईना, २०/४० हवी. आपल्याकडे याला ६/१२ म्हणतात. डॉक्टरकडे पाठ करून सहा फुटांवरून साधं बोलणं ऐकू यायला हवं. शिवाय बीपी, लघवीची तपासणी आणि रंगांची चाचणी. रंगात अडकलात तरी बऱ्याचदा 'फक्त दिवसा उडा' एवढीच अट पडते. चाळिशीच्या आत असाल तर सर्टिफिकेट ६० महिने चालतं, नंतर २४.

रस्ता दुसरा: ड्रायव्हिंग लायसन्स

हो, चक्क गाडीचं! स्पोर्ट पायलट व्हायचं असेल तर अमेरिकेतलं ड्रायव्हिंग लायसन्स मेडिकलच्या जागी चालतं. बंधनं आहेत: सोबत एकच प्रवासी, आणि उड्डाण दिवसा. ऑक्टोबर २०२५ पासून नियम सैल झालेत, त्यामुळे सेसना १७२ सारखं चार सीटचं विमानही यात बसतं.

तिसरा रस्ता बेसिकमेड. यात दर चार वर्षांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे तपासणी आणि दर दोन वर्षांनी ऑनलाइन कोर्स. पण त्यासाठी जुलै २००६ नंतर एकदा तरी एफएएचं मेडिकल मिळालेलं असावं लागतं. नवख्यांना तो थेट उघडा नाही.

खरी गोम इथे आहे

समजा, तुम्ही उत्साहात थर्ड क्लासचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. मग दुसरा रस्ताही बंद! शेवटचा अर्ज नाकारलेला असेल तर ड्रायव्हिंग लायसन्सवर उडता येत नाही. अर्जच केला नसता, तर तोच माणूस त्याच तब्येतीत उडू शकला असता. आणि डॉक्टरांनी तुमचा फॉर्म सिस्टिममध्ये उघडला की अर्ज मागे घेता येत नाही.

म्हणून लहानपणी एडीएचडीचं निदान झालं असेल, डिप्रेशनची गोळी चालू असेल, फिट आली असेल, तर आधी त्याच डॉक्टरकडे फक्त सल्ल्यासाठी जा. "ही तपासणी नाही, सल्ला हवाय" असं स्पष्ट सांगा. कागद कोणते लागतील ते विचारा, ते जमवा आणि मगच अर्ज करा. डिप्रेशन म्हणजे सगळं संपलं असंही नाही. २०१० पासून काही ठरावीक औषधांवर असलेल्यांनाही, नीट तपासून, परवानगी मिळू शकते.

"मग सांगायचंच कशाला?" असं मनात आलं असेल तर थांबा. फॉर्ममध्ये चालू औषधं आणि गेल्या तीन वर्षांतल्या डॉक्टरांच्या भेटी विचारतात. खोटं लिहिणं हा गुन्हा आहे: अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद.

सर्टिफिकेट मिळालं, पुढे?

रोजचा डॉक्टर तुम्हीच. तब्येत बरी नसेल तर खिशात सर्टिफिकेट असूनही उडायचं नाही. डायफेनहायड्रामिन हे घटकद्रव्य आपल्याकडच्याही काही खोकल्याच्या औषधांत असतं. ते घेतलं तर एफएएच्या हिशोबाने ६० तास विमानाला हात लावायचा नाही.

आणि एक दिलासा: शिक्षक शेजारी बसून शिकवत असेल तोवर मेडिकल लागतच नाही. ते लागतं पहिल्यांदा एकट्याने उडताना. (अमेरिकन नागरिक नसाल तर शिकण्याआधी टीएसएची परवानगी मात्र लागते.) पण हजारो डॉलर खर्चून झाल्यावर अडकण्यापेक्षा, पहिल्या दोन-चार धड्यांतच आपला रस्ता कोणता ते ठरवून टाका.

तुमच्या ओळखीत कुणाला हा नाद असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!