गर्भाक्षेप

गर्भाक्षेप : गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर, प्रसूती चालू असताना किंवा प्रसूतीनंतरच्या काही दिवसांत, अपस्मार अथवा मेंदूचा दुसरा कोणताही विकार नसलेल्या स्त्रीला आचके येऊन तिची शुद्ध हरपते. या अवस्थेस गर्भाक्षेप म्हणतात. वाढलेला रक्तदाब आणि मूत्रातून प्रथिन जाणे ही लक्षणे बहुधा आधीपासूनच असतात. आचके येण्यापूर्वीच्या या स्थितीस पूर्वगर्भाक्षेप असे नाव आहे. पाश्चात्त्य भाषांतील ‘एक्लॅम्प्सिया’ ही संज्ञा एकाएकी चमकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेली आहे. विकार विजेसारखा अकस्मात कोसळतो, ही कल्पना तिच्यामागे आहे. मात्र ती पुष्कळशी भ्रामक होय. कारण रक्तदाब मोजणारे व मूत्र तपासणारे कोणी असेल, तर बहुतेक रुग्णांत हा विकार आगाऊ सूचना देऊनच येतो.

सु. २ ते ८ टक्के गर्भवतींमध्ये पूर्वगर्भाक्षेप आढळतो. त्यांपैकी थोड्यांनाच पुढे आचके येतात. २००३ ते २००९ या काळातील मातामृत्यूंचे जागतिक आरोग्य संघटनेने जे विश्लेषण केले, त्यात सु. १४ टक्के मृत्यू गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकारांमुळे झाल्याचे दिसून आले. त्यांपैकी बहुतेक मृत्यू विकसनशील देशांतील होते.

लक्षणे : रक्तदाब पारा स्तंभाच्या १४०/९० मिमी. इतका किंवा त्याहून अधिक असणे आणि चोवीस तासांच्या मूत्रात ३०० मिग्रॅ. किंवा अधिक प्रथिन सापडणे, ही पूर्वगर्भाक्षेपाची रूढ लक्षणे होत. प्रथिन नसतानाही यकृत, वृक्क (मूत्रपिंड), रक्तातील बिंबाणू किंवा मेंदू यांत बिघाड दिसल्यास हेच निदान करतात. पायांवर सूज निरोगी गर्भवतींनाही येते, त्यामुळे तिला एकटीला फारसे महत्त्व नाही. परंतु चेहरा व हात एकाएकी सुजणे दुर्लक्षिण्याजोगे नसते. रक्तदाब १६०/११० पर्यंत चढणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, दृष्टी अंधुक होणे आणि छातीच्या खालच्या बाजूस उजवीकडे दुखणे ही आचके जवळ आल्याची चिन्हे आहेत. या शेवटच्या दुखण्याला अपचन समजून घरगुती औषध देण्याची चूक वारंवार होते.

आचक्याच्या प्रारंभी चेहऱ्याचे स्नायू फुरफुरतात. नंतर सर्व शरीर ताठ होते, श्वास थांबतो व चेहरा काळानिळा पडतो. ही अवस्था सु. १५ ते २० सेकंद टिकते. त्यानंतर सु. एक मिनिटभर हातपाय जोराने झटकले जातात आणि मग रुग्ण बेशुद्धीत जाते. जीभ चावली जाणे, खाटेवरून पडून हाड मोडणे, ओकारीतील द्रव श्वासमार्गात जाणे या इजा याच वेळी होतात. मेंदूतील रक्तस्राव, फुप्फुसांत पाणी साचणे, वृक्क निकामी होणे आणि वार वेळेपूर्वी सुटून अंतर्गत रक्तस्राव होणे हे अधिक गंभीर उपद्रव होत. मातेच्या मृत्यूस बहुधा यांपैकीच एखादा कारणीभूत असतो. गर्भाचा मृत्यू मुख्यतः प्राणवायू अपुरा पडल्याने किंवा अकाली जन्मल्याने होतो.

इतिहास : सुश्रुतसंहितेत अपतानक नावाच्या आक्षेपयुक्त वातव्याधीचे वर्णन आहे. गर्भपात, अतिरक्तस्राव किंवा आघात यांमुळे झालेला अपतानक असाध्य असल्याचे तीत म्हटले आहे. हे वर्णन धनुर्वाताशी अधिक जुळते. म्हणून गर्भाक्षेप प्राचीनांना स्वतंत्र विकार म्हणून ठाऊक होता असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. यूरोपातही गर्भवतीचे आचके दीर्घकाळ अपस्मारातच मोडले जात. फ्रेंच वैद्य फ्रांस्वा ब्वास्ये द सोव्हाझ (१७०६–६७) यांनी १७३९ मध्ये ते अपस्मारापासून वेगळे मानले. लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांना १८४३ मध्ये आचके आलेल्या स्त्रियांच्या मूत्रात अल्ब्युमीन आढळले. शीपिओने रीव्हा-रॉत्ची यांनी १८९६ मध्ये दंडावर पट्टी बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण तयार केल्यावर वाढलेला रक्तदाब हेही या विकाराचे लक्षण असल्याचे स्पष्ट झाले. पुढे गर्भवतींची नियमित तपासणी करण्याची जी प्रथा पडली, तिचे एक मोठे प्रयोजन हा विकार वेळीच ओळखणे हेच होते.

कारण : विकाराचे मूळ वारेत आहे, याविषयी आता दुमत नाही. वार बाहेर पडल्यावर तो ओसरू लागतो. तसेच द्राक्षगर्भात गर्भाची वाढ झालेली नसतानाही केवळ वारेच्या विकृत ऊतकामुळे तो उद्‌भवतो. निरोगी गर्भारपणात वारेतील कोशिका गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्यांत शिरून त्यांच्या भित्ती सैल व रुंद करतात, त्यामुळे वारेला भरपूर रक्त मिळते. पूर्वगर्भाक्षेपात हा बदल अपुरा राहतो. आय्. ब्रोसेन्स, डब्ल्यू. बी. रॉबर्टसन व एच्. जी. डिक्सन यांनी १९६७ पासूनच्या आपल्या अभ्यासांतून ही गोष्ट दाखवून दिली. रक्त कमी पडलेल्या वारेपासून मातेच्या सर्व शरीरावर परिणाम कसा होतो, याचा एक महत्त्वाचा दुवा २००३ मध्ये बॉस्टन येथे अनंत करुमांची व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. वारेतून सुटणारे एक विद्राव्य प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला आवश्यक असलेले वाढघटक बांधून टाकते. हे प्रथिन निर्माण करणारे जनुक गर्भिणी उंदरांच्या शरीरात घातले असता त्यांचा रक्तदाब वाढला व मूत्रात प्रथिन आले. रोहिण्यांतील मूळ बदल अपुरा का राहतो, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

पहिलटकरणी, जुळी गर्भधारणा, आधीच्या खेपेस झालेला हाच विकार, मधुमेह, स्थूलता, वृक्कविकार व जुना उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांना धोका अधिक असतो.

चिकित्सेचे संशोधन : या विकाराच्या चिकित्सेचा इतिहास बोधप्रद आहे, तितकाच खेदजनकही आहे. एकोणिसाव्या शतकात मुख्य भर रक्तमोक्षणावर होता; त्याखेरीज घाईने व बळाने प्रसूती उरकण्याचे प्रकारही होत. रशियन प्रसूतितज्ञ स्त्रोगानॉव्ह यांनी १९०० च्या सुमारास याच्या उलट मार्ग धरला. रुग्णेस अंधाऱ्या, निःशब्द खोलीत ठेवून ते मॉर्फीन व क्लोरल हायड्रेट देत. मद्रास येथे एम्. के. कृष्ण मेनन यांनी क्लोरप्रोमॅझीन, प्रोमेथॅझीन व पेथिडीन यांच्या मिश्रणाने शामक चिकित्सा केली आणि १९६१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतात ही पद्धत अनेक वर्षे प्रचारात होती. ब्रिटनमध्ये पुढे डायझेपाम व फेनिटॉइन या औषधांवर भर होता. अमेरिकेत मात्र १९२० च्या दशकापासून मॅग्नेशियम सल्फेट वापरले जाई. डॅलस येथील जॅक प्रिचर्ड यांनी १९५५ पासून त्याची ठराविक मात्रा रूढ केली व १९८४ मध्ये २४५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली.

प्रत्येक पंथाचे पुरस्कर्ते आपापल्या रुग्णालयातील अनुभवाचा दाखला देत. परंतु दोन औषधांची समोरासमोर, पुरेशा संख्येने आणि पक्षपातरहित निवड करून तुलना झालीच नाही. म्हणून आचके थांबविण्यासाठी रुग्णेस कोणते औषध मिळेल, हे विकारापेक्षा ती कोणत्या देशात आहे यावरून ठरत असे. ब्रिटिश तज्ञांचा मॅग्नेशियमला असलेला आक्षेप असा की, ते अपस्मारावरील औषध नाही. हा आक्षेप तर्काला धरून होता. पण तर्क प्रयोगाने तपासला गेला नव्हता.

ही तुलना अखेर लीलिया ड्यूली यांच्या पुढाकाराने झाली. गर्भाक्षेपाच्या सहकारी चाचणीत दक्षिण अमेरिका, आफ्रिका व भारत येथील १,६८७ स्त्रियांचा समावेश होता. कोणते औषध द्यावयाचे हे यदृच्छेने ठरविले जाई. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार डायझेपाम दिलेल्यांपैकी २७·९ टक्के स्त्रियांना पुन्हा आचके आले, तर मॅग्नेशियम दिलेल्यांपैकी १३·२ टक्के स्त्रियांनाच आले. फेनिटॉइनशी केलेल्या तुलनेत हे प्रमाण अनुक्रमे १७·१ व ५·७ टक्के होते. वाद येथे मिटला. यानंतरचा प्रश्न आचके येण्यापूर्वीच औषध द्यावे काय, हा होता. त्यासाठी ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅग्नेशियम मिळालेल्या गटात ४० स्त्रियांना, तर निष्क्रिय द्रव मिळालेल्या गटात ९६ स्त्रियांना गर्भाक्षेप झाला. या चाचण्यांतील बहुसंख्य स्त्रिया गरीब देशांतील होत्या आणि सिद्ध झालेले औषधही अत्यंत स्वस्त आहे, ही गोष्ट वैद्यकीय संशोधनात विरळा आढळते.

मॅग्नेशियम आचके कसे थांबविते, हे निश्चित सांगता येत नाही. मेंदूतील रक्तवाहिन्यांचे आकुंचन कमी होणे व तंत्रिका-कोशिकांची उद्दीप्यता घटणे, या दोन्ही गोष्टी घडत असाव्यात.

प्रचलित चिकित्सा : आचका आला असता रुग्णेस एका कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा ठेवतात. दातांत बळेच वस्तू खुपसू नये. प्रिचर्ड पद्धतीत ४ ग्रॅ. मॅग्नेशियम सल्फेट नीलेतून सावकाश व प्रत्येक नितंबात ५ ग्रॅ. स्नायूत खोल टोचतात. नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅ. टोचतात. प्रत्येक मात्रेपूर्वी गुडघ्याचा प्रतिक्षेप, मिनिटाला किमान सोळा श्वास आणि गेल्या चार तासांत किमान १०० मिलि. मूत्र या तीन गोष्टी पाहणे अनिवार्य असते. औषध अधिक झाल्यास प्रथम प्रतिक्षेप नाहीसा होतो आणि त्यानंतर श्वास थांबतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा आहे. रक्तदाब कमी करण्यासाठी लॅबेटॅलॉल, हायड्रॅलॅझीन किंवा निफेडिपीन देतात. अंतिम उपाय प्रसूती हाच असला, तरी रुग्णा स्थिरावण्यापूर्वी तिची घाई करीत नाहीत.

ही मात्रा अमेरिकन स्त्रियांच्या शरीरमानास धरून ठरली होती. आपल्याकडील कमी वजनाच्या स्त्रियांना ती कमी करावी, असा विचार बांगलादेशात डाक्का येथे व महाराष्ट्रात सोलापूर येथे झाला. सोलापूरच्या सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी अल्पमात्रा पद्धतीचे अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केले. अशा पद्धती भारतातील अनेक रुग्णालयांत वापरल्या जातात. तथापि मोठ्या चाचण्यांचा पुरावा पूर्ण मात्रेच्याच बाजूस आहे.

प्रतिबंध : अधिक धोका असलेल्या स्त्रियांना गर्भारपणाच्या पूर्वार्धातच अल्प मात्रेत ॲस्पिरीन सुरू केल्यास काही प्रमाणात बचाव होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज १५० मिग्रॅ. ॲस्पिरीन घेणाऱ्यांत सदतिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूती करावी लागणारा पूर्वगर्भाक्षेप १·६ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४·३ टक्के आढळला. आहारात कॅल्शियम अपुरे असणाऱ्या स्त्रियांना त्याच्या पूरक गोळ्या उपयुक्त ठरतात. मीठ तोडण्याचा जुना सल्ला निरर्थक ठरला आहे.

खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने निर्णायक असतो तो रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीचा वेळ. म्हणून भारत सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी आचके आलेल्या स्त्रीस मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, म्हणजे प्रत्येक नितंबात ५ ग्रॅ., टोचून मग तिला पुढे पाठविण्याची मुभा उपकेंद्रातील परिचारिकेस दिली. प्रसूतीनंतर ४८ तासांपर्यंत, क्वचित त्याहूनही उशिरा, आचके येऊ शकतात. त्यामुळे प्रसूती सुखरूप झाली म्हणून अशा स्त्रीस लगेच घरी पाठविणे धोक्याचे असते.