मोडीत घालण्यापूर्वी जोडवी एकदा उलटी करून पाहा

मैत्रिणींनो, लग्नात पायात चढलेली जोडवी तुम्ही शेवटची नीट कधी पाहिली होती? मंगळसूत्राचं, पाटल्यांचं कौतुक होतं. पायाच्या बोटांकडे लक्ष जातं ते साडीचा धागा अडकला की! त्यातून २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या कितीतरी वर गेली आणि डब्यातली जुनी जोडवी, मासोळ्या, विरोद्या घरोघरी मोडीत निघू लागल्या.

मोडीत काय मिळतं? सराफ वजन करतो, घट धरतो, भाव सांगतो. घडणावळीचा त्यात पैसाही नसतो. आपल्या सांगली जिल्ह्यातले विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेत. त्यांचं कसब मोठंच. पण मुशीत गेलेली नक्षी काही परत येत नाही.

ही नक्षी घडते कशी, ते पाहायला लांब जायला नको. माधवनगरहून सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी करत हुपरी गाठता येते. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठीच ओळखलं जातं. तिथं काम कारखान्याइतकंच घरांत चालतं. एका घरी चांदी आटते, दुसरीकडे तार ओढली जाते, तिसरीकडे सांधणी होते. यात बायकांचे हात पुष्कळ, घरचा स्वयंपाक सांभाळून राबणारे.

जोडव्यावरचे ते बारीक दाणे आहेत ना, त्यांना रवा म्हणतात. तारेचे इवलेसे तुकडे तापवले की वितळून आपोआप गोल होतात. मग टाकणखार लावून एकेक दाणा जागेवर बसवायचा आणि डाग द्यायचा. डागाची चांदी मिश्र असते, ती मूळ दागिन्याच्या आधी वितळते. आच जराशी वाढली तर दागिनाही गेला! म्हणून हातची जोडी कधी हुबेहूब सारखी नसते. एका मासोळीचे खवले थोडे दाट, दुसरीचे विरळ. साच्यात ओतलेल्या जोडीत हा फरक दिसत नाही. जोडवं उलटं करा. आतल्या बाजूला डागाची जागा, कानशीच्या रेघा दिसल्या तर कुणाचा तरी हात तिथं फिरलाय असं समजा.

नवी घेताना ९२५ चा शिक्का पाहा. हजार भागांत ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. निव्वळ चांदी मऊ, रोजच्या वापरात वाकते. तोंडाच्या कडा बोटानं चाचपून घ्या. आणि घरी चांदी घासताना राखेनं खसाखसा घासू नका. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश पुरे. नक्षीच्या खाचांतला काळेपणा मात्र राहू द्यावा, त्यानंच तर फुलं-पानं उठून दिसतात.

झिजलेल्या जोडव्याला नवा डाग देऊन, उजळा देऊन घेता येतो. सैल झालेलं आवळून मिळतं. आणि कॉलेजातली लेक आजीची मासोळी हाताच्या बोटात घालू म्हणाली तर? पायातलं हातात कसं, म्हणून सासूबाई नाक मुरडतील. मी तर म्हणते, खुशाल घालू द्या. मुशीपेक्षा तिचं बोट बरं!