पीक डिस्ट्रिक्टमधील माळराने व नदीकाठच्या पाऊलवाटा : पदभ्रमणाचा हक्क आणि सार्वजनिक बससेवा

प्रस्तावना :

इंग्लंडमधील शेफील्ड व मँचेस्टर या दोन औद्योगिक शहरांच्या दरम्यान पीक डिस्ट्रिक्ट हा डोंगराळ प्रदेश पसरलेला आहे. १७ एप्रिल १९५१ रोजी त्यास ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा प्राप्त झाला. सुमारे १,४४० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या उद्यानात गावे, शेते, मेंढ्यांची कुरणे, दगडाच्या खाणी आणि जलाशय यांचा समावेश होतो. राष्ट्रीय उद्यान असले तरी तेथील बहुतांश जमीन शासनाच्या मालकीची नाही. त्यामुळे या भूमीवर कोणी, कोठे व कसे चालावे हा प्रश्न तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला. कायद्याने मिळालेला चालण्याचा हक्क आणि त्या जागेपर्यंत नेणारी सार्वजनिक बस यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. बस नसेल तर हा हक्क मोटार बाळगणाऱ्यांपुरताच उरतो, असे या विवेचनातून दिसून येईल.

मूर : स्वरूप व वैशिष्ट्ये :

इंग्रजीतील ‘मूर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. कोकणातील जांभ्या दगडाचा उघडा सडा डोळ्यांसमोर आणल्यास त्याच्या मोकळेपणाची काहीशी कल्पना येते. मात्र सड्यावर माती अत्यल्प असते, तर मूरवर पाण्याने भिजलेल्या काळ्या पीटचा जाड थर असतो. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून हजारो वर्षांत हा थर तयार होतो. त्यावर हेदर नावाचे खुजे झुडूप, गवत व स्फॅग्नम शेवाळ वाढते. ऑगस्टमध्ये हेदर फुलल्यावर संपूर्ण पठार जांभळे दिसते. पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तरेकडील वालुकाश्मी भागास ‘डार्क पीक’ म्हणतात. किंडर स्काऊट हे ६३६ मीटर उंचीचे पठार त्यातील सर्वोच्च स्थान होय.

औद्योगिक काळातील धुराच्या प्रदूषणाने, आगींनी व अतिचराईने या पीटची मोठी हानी झाली. पीटमध्ये कार्बन साठलेला असल्याने ही हानी केवळ स्थानिक राहत नाही. उघड्या पडलेल्या पीटवर पुन्हा वनस्पती रुजविण्यासाठी २००३ पासून ‘मूर्स फॉर द फ्युचर’ ही भागीदारी कार्यरत आहे.

चालण्याच्या हक्काची वाटचाल :

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांद्वारे अनेक सामाईक जमिनींना कुंपणे पडली. ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी मूर राखून ठेवण्यात आले आणि राखणदार सामान्यांना हुसकावून लावू लागले. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडमधील डोंगरांवर प्रवेश मिळावा यासाठी विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९०० मध्ये जी. एच. बी. वॉर्ड यांनी शेफील्ड क्लॅरियन रॅम्बलर्स हा कामगारांचा पदभ्रमण संघ स्थापन केला. त्यांची पहिली फेरी किंडर स्काऊटभोवती झाली व तिच्यासाठी मंडळी आगगाडीने गेली. पदभ्रमणाची ही चळवळ आरंभापासूनच सार्वजनिक वाहनांवर उभी होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

२४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन यांच्या पुढाकाराने सुमारे चारशे जणांनी हेफील्ड गावातून किंडर स्काऊटवर सामूहिक प्रवेश केला. राखणदारांशी झटापट झाली आणि पुढे पाच तरुणांना तुरुंगवास झाला. त्यांच्यावर ठेवलेले आरोप अनधिकृत प्रवेशाचे नव्हते, तर दंगलीसारख्या गुन्ह्यांचे होते. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश या कायद्याने पुढील पाऊल टाकले. अखेर २००० च्या ग्रामीण भाग व मार्गहक्क कायद्यान्वये नकाशावर निश्चित केलेल्या डोंगर, मूर, हीथ व डाऊन या प्रकारच्या जमिनींवर, तसेच नोंदणीकृत सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. २००४-०५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने अमलात आला.

नदीकाठास मात्र हा मुक्त हक्क सरसकट लागू नाही. खोऱ्यातील शेतांतून चालणारा मनुष्य ‘सार्वजनिक पाऊलवाट’ या जुन्या मार्गहक्कावर अवलंबून असतो व त्याने वाट सोडू नये अशी अपेक्षा असते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशांवर मुक्त प्रवेशाची जमीन फिकट पिवळ्या रंगाने, तर सार्वजनिक पाऊलवाट हिरव्या तुटक रेषेने दर्शविलेली असते.

ग्रामीण बससेवा :

ज्या काळात मूरवरील हक्क विस्तारत होता, त्याच काळात तेथे नेणारी बस अस्थिर होत गेली. १९८५ च्या वाहतूक कायद्यानुसार २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरील बससेवा नियंत्रणमुक्त झाली. नफा देणारे मार्ग कंपन्यांनी चालवावेत आणि सामाजिकदृष्ट्या आवश्यक, परंतु तोट्यातील फेऱ्यांना स्थानिक परिषदांनी अनुदान द्यावे, अशी रचना निर्माण झाली. परिषदेचा निधी आटला की पहिली झळ रविवारच्या व सायंकाळच्या फेऱ्यांना बसते. नोकरदार मनुष्य मूरवर जाऊ शकतो तो मुख्यतः रविवारी, आणि परत येतो तो सायंकाळी. म्हणजे अनुदानातील कपात नेमकी त्याच्या हक्कावर येऊन पडते. एप्रिल २०२५ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमधील ‘हलीज ऑफ बॅसलो’ ही शंभर वर्षांहून जुनी बस कंपनी बंद पडली, तेव्हा या व्यवस्थेचा ठिसूळपणा पुन्हा समोर आला.

याउलट काही निर्णय पदभ्रमणास अनुकूल ठरले. एप्रिल २००८ पासून इंग्लंडमधील ज्येष्ठ नागरिक व पात्र दिव्यांग व्यक्तींना गर्दीची वेळ वगळता देशभर स्थानिक बसप्रवास विनामूल्य झाला. जानेवारी २०२३ पासून लंडनबाहेर सहभागी कंपन्यांच्या एकेरी प्रवासाचे कमाल भाडे दोन पौंड, तर जानेवारी २०२५ पासून तीन पौंड ठरविण्यात आले.

एक बसमार्ग, दोन वाटा :

शेफील्ड शहराच्या हद्दीचा सुमारे एक तृतीयांश भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो. शेफील्डहून कॅसलटनकडे जाणारा २७२ क्रमांकाचा बसमार्ग फॉक्स हाऊस, हॅदरसेज व होप येथून जातो. यांपैकी फॉक्स हाऊस व हॅदरसेज या दोन थांब्यांदरम्यान मूर व नदी अशा दोन भिन्न वाटा आखता येतात.

पहिली वाट फॉक्स हाऊसहून उत्तरेस बर्बेज खोऱ्यात शिरते. कार्ल वॉर्क व हिगर टॉर हे खडकाळ उंचवटे जवळून पाहत ती स्टॅनेज या सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या वालुकाश्मी कड्यावर पोहोचते व तेथून हॅदरसेजला उतरते. कड्याखाली घडवून तसेच सोडून दिलेले जात्यांचे दगड आजही पडलेले आढळतात. राष्ट्रीय उद्यानाचे बोधचिन्हही असाच दगड आहे.

दुसरी वाट लाँगशॉ या परिसरातून जाते. १९२७ मध्ये ड्यूक ऑफ रटलंड यांच्या मालमत्तेची विक्री होत असताना शेफील्डच्या नागरिकांनी वर्गणीतून हा परिसर मिळविला; त्या प्रयत्नांत एथेल हेथॉर्नथ्वेट अग्रणी होत्या. पुढे तो नॅशनल ट्रस्टकडे सोपविण्यात आला. तेथून बर्बेज ओढ्याच्या काठाने, पॅडली घळीतील ओकच्या जंगलातून वाट ग्रिंडलफर्ड रेल्वे स्थानकापाशी उतरते आणि डर्वेंट नदीकाठच्या पाऊलवाटेने हॅदरसेजला येते.

दोन्ही वाटांचा आरंभ एका थांब्यावर व शेवट दुसऱ्या थांब्यावर होतो. मोटारीने आलेल्या मनुष्यास गाडीपाशी परतावेच लागते, त्यामुळे त्याची भटकंती बहुधा वर्तुळाकार होते. बसने आलेला मनुष्य पठारावर चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकतो. नदीचा प्रवाह ओढ्यापासून खोऱ्यापर्यंत सलग अनुभवण्यास अशी सरळ वाटच उपयुक्त ठरते.

वेळेचे नियोजन :

बसने जाणाऱ्याने परतीची शेवटची बस प्रथम निश्चित करावी व तेथून मागे मोजत दिवस आखावा. यासाठी विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम उपयोगी पडतो : पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. बारा किलोमीटर अंतर व तीनशे मीटर चढ असल्यास सुमारे तीन तास होतात; विश्रांती, धुके व चिखल यांसाठी त्यात भर घालावी लागते. डिसेंबरमध्ये तेथे दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त होतो. १ मार्च ते ३१ जुलै या काळात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणार्थ मुक्त प्रवेशाच्या जमिनीवर कुत्र्यास आखूड दोरीने बांधून नेणे बंधनकारक आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, १९३२ मधील तरुणांपुढील अडथळा राखणदाराचा होता, तर आज मोटार नसलेल्या तरुणापुढील अडथळा वेळापत्रकातील रिकाम्या रकान्याचा आहे. पहिला कायद्याने दूर झाला. दुसरा दूर करण्यासाठी परिषदांच्या अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद व्हावी लागते. शिवाय ही बस केवळ पदभ्रमण करणाऱ्यांची नाही. शाळा, दवाखाना व बाजार यांसाठी गावकरीही तिनेच प्रवास करतात आणि पाहुण्यांच्या तिकिटांमुळे त्यांची फेरी टिकण्यास हातभार लागतो. सह्याद्रीतील किल्ल्यांच्या पायथ्याशी एस.टी.ने उतरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा संबंध सहज उमगेल. महाविद्यालयांच्या भूगोल, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील एखादा एस.टी. मार्ग निवडून, त्याच्या प्रत्येक थांब्यावरून कोणकोणत्या सार्वजनिक जागांपर्यंत पायी पोहोचता येते याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून तयार करून घेतल्यास तो एक उपयुक्त क्षेत्रीय प्रकल्प ठरेल.