बिनसाखरेचा डबा आणि घरचे फुटाणे

उज्जैनच्या मंडीत सोयाबीन घालून परतताना किराणा दुकानात आता मधुमेह्यांसाठीची बिस्किटे, चिवडा आणि जेवणाऐवजी घ्यावयाच्या पेयाचे डबे मांडलेले दिसतात. आमच्या घरात दोघांना मधुमेह आहे. म्हणून यांतील काही जिन्नस आम्ही पंधरा दिवस खाऊन पाहिले आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी रक्तातील साखर मोजली. जे कळले ते शेतकरी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

पहिली फसगत बिस्किटांची झाली. वर 'साखर नाही' असे ठळक छापलेले, म्हणून चहाबरोबर निर्धास्तपणे सहा खाल्ली. दोन तासांनी पाहतो तो साखर चांगलीच चढलेली! मग वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. साखर शून्य खरी, परंतु कर्बोदके 100 ग्रॅममध्ये 65 ग्रॅमच्या वर. बिस्किट शेवटी मैद्याचे, आणि मैद्याची पोटात साखरच होते. तेव्हा केवळ साखरेची ओळ पाहू नये, एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी.

पेयाच्या बाबतीत चूक आमचीच. सकाळी शेव घातलेले पोहे खाऊन वर पेलाभर पेय घेतले. म्हणजे ते जेवणाऐवजी न होता जेवणावर झाले. पोहे वगळून घेतले तेव्हा साखर आटोक्यात राहिली, मात्र कापणीला गेलेल्याला अकरा वाजताच भूक लागली. अशा पेयांचा उपयोग नाही असे नव्हे. ब्रिटनमधील एका अभ्यासात स्थूल मधुमेह्यांना काही महिने दिवसाला सुमारे 850 कॅलरींची केवळ पेये व सूप दिली. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा वर्षअखेर त्यांतील 46 टक्के लोकांची साखर औषधाविना मर्यादेत होती. परंतु ते सारे वैद्यकीय देखरेखीखाली झाले. आपल्या मनाने औषध बंद करून पेय सुरू करणे धोक्याचे आहे.

मग आम्ही घरचे मूठभर फुटाणे आणि पेलाभर बिनसाखरेचे ताक घेऊन पाहिले. साखर थोडीच वाढली आणि भूकही टिकून राहिली. यात नवल नाही. 1981 साली डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 62 पदार्थ तपासले, तेव्हा कडधान्यांनी साखर सावकाश वाढते असेच आढळले. माळव्यातील सोयाबीनमध्ये तर सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. भिजवून नीट शिजवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला उपाशीपोटी राबताना घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी बिनसाखरेचे बिस्किट काहीच कामाचे नाही. ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. मनुष्य बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. आमच्या घरचे दोघे आता शेतावर जाताना एका खिशात फुटाणे आणि दुसऱ्यात साखरेची पुडी ठेवतात. डबा परवडो न परवडो, एवढे तर प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.